तोंडाची खाट

आमची गल्ली जळगावात जुन्या जिनिंगच्या मागे आहे. एका टोकाला बंद. आत यायचं तोंड एकच. उन्हाळ्यात खाटा बाहेर निघायच्या तेव्हा कोणाची खाट कुठे, हे ठरलेलं असे. बायका आणि लहान पोरं आतल्या टोकाला, तरणी माणसं मधे, आणि तोंडाशी झुलाल नानांची खाट. तिला सगळे तोंडाची खाट म्हणत. ती त्यांना कोणी नेमून दिली नव्हती. त्यांचं घर पहिलं आणि झोप हलकी, एवढंच.

तिथे रस्त्याला उतार आहे. खाट डुगडुगू नये म्हणून नाना एका पायाखाली विटेचा तुकडा ठेवत. तो मी तोडून दिला होता. मी गवंडी. वीट हवी तशी तोडायला एक ठोका पुरतो. दोन लागले तर हात बिघडला असं समजावं.

नाना जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाच्या गाठी हलवायचे. गाठीखाली गेल्यावर त्यांच्या तोंडून आवाज निघत नसे. जे हमाल कुंथतात त्यांचा निम्मा जोर तोंडातून जातो, असं ते म्हणत. मी त्यांना काम करताना पाहिलं आहे. आधी पाय ठरवत, मग कंबर, आणि मगच हात लावत. माणूस कसा आहे ते मी कामावरून ठरवतो. नाना पक्के होते.

रात्री उशिरा कोणी गल्लीत शिरलं की नाना पडल्या पडल्या विचारत, "कोन शे?"

येणारा म्हणे, "मी शे."

'मी आहे', एवढं पुरे. 'मी' म्हणजे कोण, ते नानांना आवाजावरून कळे. शिफ्टवरून येणारा, दुसऱ्या खेळाहून येणारा, पिऊन येणारा, सगळे 'मी'च. पिऊन आलेल्याला ते वर एवढंच म्हणत, "भित धरी धरी जाय." भिंत धरून जा. गल्लीत चोरी होत नव्हती असं नाही. पितळेची भांडी गेली, कोंबड्या गेल्या. पण रात्री खाटांमधून कोणी परका पलीकडे गेला, असं झालं नाही.

त्या सगळ्या आवाजांमध्ये प्रेमराजचा आवाज नानांना वेगळा होता.

नानांच्या दोन खोल्या. त्यातली एक त्यांनी शेवंताबाईला भाड्याने दिली होती. ती एरंडोलकडची, नवरा सोडून गेलेली, एक मुलगा. तो प्रेमराज. नानांना आणि भिकुबाईला मूल नव्हतं. शेवंताबाई दाळमिलमध्ये निवडायला जाई, तेव्हा मुलगा भिकुबाईच्या हातचं जेवे. वाढला नानांच्या पायाशी, पोत्यावर झोपून. मोठा झाल्यावर बेकरीत लागला. पाव भाजून व्हायला रात्र होई. मग गल्लीच्या तोंडाशी तो पातळ, जरासा वर चढणारा आवाज येई, "मी शे, नाना." त्या दिवसांत नाना विचारायच्या आधीच जागे असत. प्रेमराज आत गेला की कूस बदलत. मला माहीत आहे, कारण माझी खाट दुसरी होती.

शेवंताबाई वारली आणि प्रेमराज सुरतेला कापडाच्या मागावर कामाला गेला. आमच्याकडची पुष्कळ पोरं जातात. पहिल्या दिवाळीला आला, भिकुबाईला साडी घेऊन. नंतर एकदा आला. मग फोन लागेना. भिकुबाई वारली ते त्याला कळवायला कोणाकडे चालू नंबर नव्हता. गल्लीत बोलायला काय लागतं? कोणी म्हणालं, सुरतेत वाईट संगतीत पडला. कोणी म्हणालं, मोटारसायकलींच्या भानगडीत त्याला पोलिसांनी नेलं. पाहिलं कोणीच नव्हतं.

नाना या विषयावर बोलत नसत. उन्हाळ्यात खाट काढत, वीट ठेवत, दोरी ताणत. खाटेची दोरी ताणणं हे दोन माणसांचं काम आहे. ते एकटे करत. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून.

तोवर गल्ली बदलली होती. घरांवर मजले चढले. काही मीच चढवले. कूलर आले, आणि ज्यांना कूलर सोसेना ते गच्चीवर झोपायला गेले. खाली एकटी तोंडाची खाट राहिली. लोक वरून म्हणत, "खाली नाना आहेत."

त्या मे महिन्यात सविताच्या घरी चोरी झाली. सविता शाळेत शिकवते, नवरा फिरतीवर असतो. ती सासू आणि मुलीसह गच्चीवर होती. खाली कडी काढून कोणी आत गेलं, कपाट उघडलं, तिच्या आईने दिलेली पोत आणि मुलीच्या कानातले नेले. जाताना शेजारच्या हितेंद्रची मोटारसायकल ढकलत नेली. ती नानांच्या खाटेला घासून गेली असणार. दुसरा रस्ताच नाही.

सकाळी हवालदार आले. जाडसर, घामेजलेले, रात्रपाळी करून आलेले. हितेंद्रने त्यांना खुर्ची दिली. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "आकडे बघाल तर तुमचा भाग शांत आहे. उन्हाळ्यात वाढतं. लोक वर झोपतात, चोरांना खालचं घर मोकळं मिळतं."

हितेंद्र म्हणाला, "आकडे कमी असून काय उपयोग, साहेब? माझी गाडी गेली."

मग ते नानांकडे वळले. "बाबा, तुम्ही तोंडाशीच होतात. कोणी आलं-गेलं?"

नाना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कोणी आलं होतं का?" हवालदार मोठ्याने म्हणाले.

"माले ऐकू येत नही," नाना म्हणाले. "वय व्हयनं."

हवालदारांनी मान हलवली. सविता तिथेच उभी होती. सासूचा हात धरून आत गेली.

मी चकित झालो. आदल्याच दिवशी मी पलीकडच्या गल्लीत विटा तोडत होतो, आणि संध्याकाळी नाना मला म्हणाले होते, "आज तुले दोन-दोन ठोका लागी राहिंतात." एवढ्या लांबून ज्याला ठोके मोजता येतात, त्याला कडी वाजलेली ऐकू येत नाही?

मी लगेच विचारलं नाही. त्यांना वेळ दिला. पुढच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाला लोखंडी गेट बसवायचं ठरलं. हितेंद्रने पुढाकार घेतला. पोरगा धडपड्या आहे. वर कॅमेरा, मोबाईलवर गल्लीचा ग्रुप. त्या ग्रुपवर रोज कुठे ना कुठे चोर दिसू लागले. एकदा नशिराबादहून चादरी विकायला आलेल्या माणसाचा फोटो फिरला. तो बिचारा माझ्याच ओट्यावर पाणी पीत बसला होता.

गेटचे खांब मला बांधायला सांगितले. मी मोठी कामं घेणं सोडलं होतं. पण ठेकेदाराची माणसं सिमेंटला पाणी मारत नाहीत, ओळंबा खिशात ठेवतात. खांब वाकडा झाला की गेट आयुष्यभर खाली घासतं. म्हणून मीच घेतलं.

एक खांब नेमका खाटेच्या जागी आला. खणताना विटेचा तो तुकडा वर आला. नाना ओट्यावर बसून बघत होते. उठले, तुकडा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि घरात ठेवून आले. मग माझ्याजवळ येऊन बसले. दुपारची वेळ. गल्लीत कोणी नव्हतं.

"पितांबर," ते म्हणाले, "त्या रातले मी इचारं. कोन शे म्हनी."

मी थापी खाली ठेवली.

"तो म्हने, मी शे, नाना."

"कोन व्हता?"

ते खड्ड्याकडे बघत होते. "प्रेमराजना आवाज व्हता. मी म्हनं, ऊना. पोऱ्या घर ऊना. आनि माले झोप लागी गयी. इतला दिनमा तशी झोप लागनी नव्हती."

पोरगा घरी आला, म्हणून त्यांना इतक्या दिवसांनी झोप लागली होती. मग मी म्हणालो, पोलिसांना सांग. तो नसेल तर सुटेल. नाना म्हणाले, "आवाजवरथीन मानूस धरतस का? धरी लयनात आनि तो नसना, तर मारेल मार कोन परत लयी?"

"आनि तोच व्हता तर?"

"तर माले भेटाले का नही ऊना?"

त्यांना गेलेल्या सोन्याचं वाईट वाटत होतं. सविताच्या लेकीचे कान उघडे दिसले की ते मान वळवत. पण त्यांना त्याहून जास्त लागलं होतं ते हे, की तो आला, पायाशी उभा राहिला, आणि निघून गेला. तो चोर होता की नव्हता, हे त्यांना जाणून घ्यायचं होतंच. त्याच्या आधी त्यांना तो एकदा बघायचा होता.

एकदा बहिरे म्हटल्यावर बहिरंच राहावं लागलं. ते काम सोपं नाही. गाठ उचलून झाली की खाली ठेवता येते. हे ओझं दिवसभर अंगावर. मागून भांडं पडलं तरी दचकायचं नाही. कोणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेलाही बघायचं नाही. नानांनी ते जिनिंगच्या कामासारखंच केलं, तोंडातून आवाज न काढता.

लोक त्यांच्यासमोर मोकळं बोलू लागले. हितेंद्र त्यांच्या ओट्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत मित्राला म्हणाला, "हा आमचा जुना कॅमेरा. फक्त आवाज रेकॉर्ड होत नाही." नाना त्याच्याकडे बघून हसले. तोही हसला, आणि त्यांच्या कानाशी ओरडला, "काही नाही नाना, तुमची तारीफ!"

सविता एकदा शेजारणीला म्हणाली, "यांच्या भरवशावर आम्ही वर झोपलो. चूक आमचीच." ती रागाने बोलली नव्हती. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

पण सविता मनाची चांगली आहे. तिचे वडील वारल्यावर त्यांचं कानाचं मशीन पडून होतं. ते तिने नानांना आणून दिलं, स्वतःच्या हाताने लावलं. नाना एकदम ताठ झाले. नंतर मला म्हणाले, "बठ्ठा जग डोकामा घुसनं. तिनी बांगडी वाजनी ते बी तोफ." मशीनमधला सेल काढून त्यांनी डबीत ठेवला, आणि रिकामं मशीन रोज कानात घालून ओट्यावर बसू लागले. सविता जाता-येता विचारी, "नाना, आता येतं ना ऐकू?" ते मान हलवत. जरा उशिराने.

गेट रात्री बंद होई. येणारा मोबाईलवर घरी कळवी, घरातलं माणूस येऊन उघडे. कोणाला विचारायची गरज नव्हती. पुढचा उन्हाळा आला, नानांनी खाट काढली, आपल्याच ओट्याच्या आत लावली. तिथे फरशी सपाट आहे. वीट लागली नाही.

प्रेमराज यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आला, भर दुपारी. दिवसा गेट उघडं असतं. मी नानांकडे बसलो होतो. सविता शाळेहून येऊन दारात स्कूटर लावत होती.

एक माणूस आत आला. पोट सुटलेला, कपाळ मोठं झालेलं, हातात मिठाईचा पुडा. त्याने ओट्याला पाठ करून समोरच्या घरांकडे पाहिलं. घरं ओळखत होता बहुतेक. चालीवरून मला जरा शंका आली. नानांना आली असावीच, कारण त्यांचे हात खाटेच्या माचव्यावर घट्ट झाले. ते हळूच म्हणाले, जसं रात्री विचारत तसंच,

"कोन शे?"

माणूस वळला नाही.

दोघांत चार हातांचंही अंतर नव्हतं. नानांनी जरा मोठ्याने विचारलं. तरी नाही. मग ते उठले आणि छातीतून ओरडले. हमालीत असताना मी त्यांचा तेवढा आवाज ऐकला नव्हता.

"कोन शे रे?"

तो वळला. बघत राहिला. मग म्हणाला, "मी शे, नाना."

आवाज घोगरा, जाड, आणि गरजेपेक्षा पुष्कळ मोठा. डब्यात खडे हलवावेत तसा. सविता स्कूटर सोडून बघायला लागली.

नाना खाली बसले. "तुना आवाजले काय व्हयनं रे?"

"काय?" प्रेमराज कानाला हात लावून पुढे वाकला.

मग कळलं. इतकी वर्षं मागाच्या खडखडाटात. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. ओरडून गळा गेला आणि खडखडाटाने कान गेले. एक कान पुरता, दुसरा निम्मा. हे त्याने ओरडून सांगितलं, हसत. बायको म्हणते, तुमच्याशी भांडण केलं तर गल्लीला कळतं. फोन त्याने कधीच सोडला होता. ऐकूच येत नाही तर कशाला? मागच्या वर्षी तो एकदा रात्री येऊन गेला होता. गेट बंद होतं. कोणी पोराने बाहेरच अडवून आधार कार्ड मागितलं, आणि तो काय विचारतोय ते याला ऐकू येईना. परत गेला. भिकुबाई गेल्याचं त्याला इथेच कळलं. तेव्हा मात्र त्याचं हसणं थांबलं. पुडा हातात धरून बसला.

नाना त्याच्याकडे बघत होते. मी नानांकडे. आम्हा दोघांच्या डोक्यात एकच होतं. त्या रात्री नानांनी झोपेतच, हळूच विचारलं होतं. चोराने लगेच, दबक्या आवाजात उत्तर दिलं होतं. या माणसाला ते विचारलेलं ऐकूच आलं नसतं. आणि दबका आवाज त्याच्याकडे आता नाहीच.

नानांनी ऐकला तो आवाज अठरा वर्षांच्या प्रेमराजचा होता. तो आवाज सुरतेत कधीच संपला होता. राहिला होता फक्त नानांच्या कानात. कोणी दुसराच 'मी शे, नाना' म्हणाला. खान्देशात कुठल्याही म्हाताऱ्याला नाना म्हटलं की चालतं. चोर बाहेरचा असतो, दुसरीच भाषा बोलतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तो आपलंच बोलला, आणि नानांनी इतके दिवस ज्याची वाट पाहिली तोच त्यात ऐकला.

नाना उठून घरात गेले. डबी घेऊन आले. कानातलं मशीन काढलं, नखाने झाकण उघडून सेल बसवला, आणि प्रेमराजच्या निम्म्या कानात ते नीट लावलं. मग त्यांनी हळूच म्हटलं, "आते येस का ऐकू?"

प्रेमराजने डोळे मिटले. "हो," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

सविता ओट्याजवळ आली होती. "नाना, मशीन त्यांना दिलं, मग तुम्हाला?"

"माले येस ऐकू," नाना म्हणाले. "पहिलेपास्नं येस."

तिला सगळं जुळवायला जरा वेळ लागला. मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री?"

"इचारं व्हतं मी. त्यानी उत्तर दिन्हं. माले वाटनं, वळखीना आवाज शे." त्यांनी प्रेमराजकडे पाहिलं नाही. "वळख चुकनी. तुनं सोनं मना वळखमा गयं, बेटा."

ओळखीचा म्हणजे कोणाचा, हे सविताने विचारलं नाही. ती हुशार आहे. प्रेमराजकडे एकदा बघून तिला कळलं असेल. ती म्हणाली, "खरं सांगितलं असतंत तर मी रागावले नसते, नाना. खोटं का बोललात?" मग तिच्याच लक्षात आलं, की खरं सांगितलं असतं तर पोलिसांनी आधी प्रेमराजलाच धरलं असतं. ती घरी गेली. थोड्या वेळाने तिची मुलगी तीन कप चहा घेऊन आली. तो माफीचा होता की पाहुण्याचा, मला सांगता येणार नाही.

नाना प्रेमराजला म्हणाले, "आज ऱ्हाय आठेच. खाट शे."

"पाळी आहे नाना, उद्या सकाळी. रात्रीची गाडी आहे."

"मंग जेवी जाय."

तो जेवून गेला. गेटपर्यंत नाना गेले. माझा बांधलेला खांब त्यांनी हाताने धरला. प्रेमराज रस्त्याला लागला तोवर ते तिथेच उभे होते.

आता प्रेमराजने फोन घेतला आहे. मशीन लावून फोनवर बोललं की त्यात शिट्टी वाजते, म्हणून तो ते काढून ठेवतो. नानांना छातीतून ओरडावं लागतं. "जेवना का?" हे गल्लीच्या बंद टोकापर्यंत ऐकू जातं. हितेंद्रने एकदा वरून उत्तर दिलं, "जेवलो, नाना." गल्ली हसली, नानाही हसले.

त्यांना वाचता येत नाही. फोन वाजला की नाव दिसतं, पण त्यांना ते कळत नाही. म्हणून उचलल्यावर ते आधी विचारतात, "कोन शे?" पलीकडून घोगरा, जाड आवाज येतो. तो त्यांना आता पक्का कळतो.

बोलणं झाल्यावर फोन उशाशी ठेवतात आणि खाटेवर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघतात. गेट तेव्हा लागलेलं असतं. ते खाली घासत नाही. खांब सरळ आहेत.